लेकीची वेळ

सकाळी साडेदहाला घेतलेल्या रक्ताच्या नळीवर रात्री एकची चिठ्ठी चिकटली होती. "रात्री एकला मी घरी घोरत होतो हो!" असं पेशंटनं सगळ्यांसमोर सुनावलं, आणि लॅबवाल्या मॅडमनी मला फोन करून फैलावर घेतलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणं माझं काम. नोंदणीच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय म्हणून आतला बटणाएवढा सेल मी कालच बदलला होता. आज पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं.

दुपारची लॅब मात्र पेंगुळलेली होती. फ्रिज गुणगुणत होता, पडद्यातून गाळलेलं ऊन रिकाम्या नळ्यांवर पसरलं होतं. नोंदणीवाल्या मावशी स्क्रीनच्या कोपऱ्याकडे पाहून स्वतःशीच हसत होत्या. भिंतीवर सव्वाचार, स्क्रीनवर पावणेसात.

"मावशी, हे तुम्ही करता?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "लेक परदेशात असते. सातला उठते, तेव्हा मी फोन करते. उगाच झोपमोड नको, म्हणून तिची वेळ समोर ठेवते. साडेनऊ तास मागे. दिवसभर तिच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं रे. आता कूस बदलली असेल, आता खिडकी उजळली असेल..."

चांगला झापायला आलो होतो, पण जीभच रेटेना. खरी वेळ लावली, ती त्यांना हलवता येणार नाही अशी सोय केली, आणि शेजारी लेकीच्या शहराचं दुसरं घड्याळ लावून दिलं.

त्यात पावणेसहा वाजले होते.

"हे चुकतंय," मावशी म्हणाल्या.

"नाही. तिकडे थंडीत घड्याळं तासभर मागे घेतात. पंधरा दिवस झाले. तुमचं हातानं लावलेलं, ते तसंच राहिलं."

मावशींचा चेहरा उतरला. "म्हणजे पंधरा दिवस मी तिला सहाला उठवतेय? पण ती तर पहिल्या रिंगलाच उचलते. म्हणते, जागीच होते गं."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "आज झोपू दे तिला पोटभर."

मला उठवेना. दोघंही नव्या घड्याळाकडे बघत बसलो. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली.

टेबलावर मोबाइल थरथरला. खोली इतकी शांत होती, की पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"आई, बरी आहेस ना? मी कधीची उठून बसलेय."