शेवटचे दोन अंक

रेंगानिसने तपासणीचे दोन्ही आकडे पडद्यावर एकाखाली एक मांडले आणि खुर्ची मागे सरकवली.

"बघा बापाक, पंधराच्या पंधरा अंक सारखे! करा आता सही."

तिच्या मार्गदर्शक बापाक ओयोंनी सुराबीचा, म्हणजे तांदळाच्या जाड धिरड्याचा, गरम तुकडा तोंडात टाकला. बांडुंगच्या त्या भौतिकशास्त्र विभागात चाळीस वर्षं त्यांनी पोरं शिकवली होती; सगळी त्यांना आदराने बापाक म्हणत. तपासणीच्या कागदावर त्यांची सही होऊन तो पाचच्या आत कार्यालयात पोचला, तरच उद्या रेंगानिसची पीएचडीची तोंडी परीक्षा होणार होती. साडेतीन वाजले होते.

"काय तपासलंस ते सांग. समोर शाळेतली पोर बसलीय असं समज."

"प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात. त्यांना जखडून ठेवणारं बळ तीन रंगांवर चालतं. डोळ्यांना दिसणारे रंग नव्हेत, नुसती नावं. आता एक गाव घ्या. तिथे प्रत्येक घराने तीन रंगांना आपल्या मर्जीने नावं दिलीत. माझं लाल ते तुमचं निळं. म्हणून दोन घरांमधल्या वाटेवर पाटी लावायची, इकडचं लाल म्हणजे तिकडचं निळं."

"आणि एखाद्याने नावं बदलली तर?"

"त्याच्या दारातल्या पाट्याही बदलायच्या. पण चार वाटांची फेरी मारून घरी परतलं, की रंगात जो फेर पडतो, त्याचं माप कुणी काहीही नावं ठेवली तरी तेवढंच भरतं. बळ फेरीत असतं, नावात नाही. मी संगणकातल्या सगळ्या गावाची नावं ढवळून काढली, फेऱ्या पुन्हा मोजल्या. उत्तर तेच!"

"छान सांगितलंस. सही करत नाही."

"अहो, पण का?"

"पंधराच्या पंधरा अंक जुळले म्हणून."

"म्हणजे चुकले असते तर पेढे वाटले असते?"

"शेपटीला, शेवटच्या एकदोन अंकांत, चुकायलाच हवेत, नेंग पोरी. संगणक दर गुणाकाराला शेवटचा अंक जरासा छाटतो. लाखो पाट्या खरंच बदलल्या असत्या, तर शेपूट हललं असतं."

रेंगानिसचे कान तापले. तिने आज्ञावली वरपासून वाचायला घेतली आणि मध्येच कपाळावर हात मारला. नावं ढवळली होती गावाच्या नकलेत, फेऱ्या मोजल्या होत्या मूळ गावात.

"ढवळलं एक भांडं आणि चाखलं दुसरं!"

"तर तीन वर्षांचं काम अजून तपासलेलंच नाही," बापाक शांतपणे म्हणाले आणि बशी तिच्याकडे सरकवली. "खा."

तिने बशीकडे पाहिलंही नाही. ती ओळ दुरुस्त केली, मग मान वर केली.

"नावं कशी ढवळायची ते ज्या आकड्यावरून ठरतं, तो तुम्हीच द्या. कुठलाही."

"एवढी खात्री?"

"गावातली वाट न् वाट मी बांधलीय, बापाक."

सकाळी ज्या मिनीबसने आले, तिचा क्रमांक त्यांनी सांगितला. यंत्र वीस मिनिटं घुमत राहिलं. पडद्यावर आकडा उमटला. पहिले तेरा अंक जसेच्या तसे. शेवटी सत्तेचाळीस होते, तिथे बावन्न.

बापाकांनी हात न पुसताच सही केली. कागदावर तेलकट अंगठा उमटला.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "हे शेवटचे दोन अंक जुळत का नाहीत?"

रेंगानिसने ते छाटले नव्हते, उलट ठळक केले होते.

"काल दुपारी जुळत होते, सर," ती म्हणाली. "तेव्हा तपासणी खोटी होती."