दशांशाचं चौथं घर

फुमिएताईला पिप मोजायला मी शिकवलं. अर्धवट शिकवलं.

"डॉलरचा भाव एकशे दहा येन. त्यातलं दशांशानंतरचं दुसरं घर एकानं हललं की एक पिप. वीस पिप खाली स्टॉप लाव. भाव तिथं आला की सौदा आपोआप तुटतो, नुकसान तिथंच थांबतं."

"एवढंच? मग सौदे करून देणाऱ्या कंपनीचे ते टायवाले कसला पगार घेतात गं?" ताई हसली होती.

आमच्या साकाई शहरातल्या निम्म्या बायका दुपारी भांडी घासून हेच करतात, घरबसल्या चलनाचे सौदे. कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर हसरा ससा येनचा पिप शिकवतो. बाकी चलनांचं शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. हरामखोर.

आमच्या वडलांचं अर्धं अंग गेलेलं. वृद्धाश्रमातली खोली शुक्रवारपर्यंत राखून ठेवलेली, अनामत वीस लाख येन. आमच्याकडे अठरा. वरचे दोन ताई कमावणार होती.

मंगळवारी येन हलेचना. ताईनं ते अठरा लाख तारण ठेवून कंपनीच्या उधारीवर तीन लाख युरो घेतले. भाव एक पूर्णांक दहा डॉलर. सवयीनं दुसऱ्या घरातून वीस वजा केले, स्टॉप लावला शून्य पूर्णांक नव्वदवर, आणि वडलांना दवाखान्यात घेऊन गेली.

युरोचा पिप चौथ्या घरात असतो. तिनं वीस नाही, दोन हजार पिपांची मोकळीक दिली होती.

चारला युरोपचा बाजार उघडला. युरो एकशेसहा पिप घसरला. पिपामागं तेहेतीसशे येन. उधारीला तारण कमी पडलं तसा कंपनीनं स्वतःच सौदा तोडला. साडेतीन लाख गेले.

"अगं नात्सुयो, मशिननं तो आकडा घेतलाच कसा? खेकसायचं ना माझ्यावर!"

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस प्रत्येक वाक्याला माफी मागत होता. बहुधा फोनवरच कमरेत वाकत असेल. पैशांचं विचारलं की पुन्हा माफी.

"ताई, चौथ्या घराचं मी तुला सांगितलंच नव्हतं."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

 "बाबांना तूच सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

शुक्रवारी खोली दुसऱ्याला गेली. सोमवारी ताईनं बेंतोच्या, जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली. वडलांना उचलायला दोन माणसं लागतात. दुसरी मी. उचलताना ती माझ्याशी फक्त एक-दोन-तीन एवढंच बोलते.