रंगवलेले दार

मित्रांनो, अंगावर ठळक अक्षरांत 'घर' असे लिहिलेला मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. कारखान्यात रद्दी भिजवून, दाबून मला घडवले आणि माझ्यात एक फ्रिज भरला. फ्रिज मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेला आणि मी बालवर्गाच्या कोपऱ्यात पडलो. मान त्याला मिळाला, पण मुले माझ्या वाट्याला आली.

त्यांनी मला घडीभर स्वस्थ बसू दिले नाही. सकाळी मी होडी असे, डबे खाऊन झाले की गुहा. एकदा तर मी हत्तीचे पोट झालो होतो.

त्या वर्गात एक मुलगी होती. आई दवाखान्यात गेल्यापासून ती चकार शब्द बोलत नसे, म्हणून मुले तिला घुमी म्हणत. ती माझ्यात शिरे, झाकण ओढून घेई आणि आपला एक बूट माझ्या तळाशी निजवी. तो बूट म्हणजे आई. मग ती हळूच म्हणे, "आई, मला आत सोडत नव्हते. मी तशीच आले."

वर्गाच्या ताईंनी एकदा हे बाहेरून ऐकले. तेव्हापासून त्या रोज माझ्याजवळ कान देऊन बसत.

पुढे शाळा तपासायला साहेब येणार असे ठरले. मुख्याध्यापिकाबाई मला पाहून म्हणाल्या, "काय हा कळकट खोका! याचं छानसं घर करा."

"बाई, ती पोर फक्त यातच बोलते हो," ताई म्हणाल्या.

"बोलेल नंतर. बोलणं काही पळून जात नाही."

माझी झाकणे चिकटपट्टीने बंद झाली. वर रंगीत कागद लागले, त्यावर लाल दार रंगवले. साहेब खूश झाले. खरे सांगतो, मीही फुशारलो.

दुसऱ्या दिवशी घुमी बूट हातात घेऊन आली. तिने लाल दारावर टकटक केली. थोडी थांबली, पुन्हा केली. "आई, उघड ना!"

ताई चिकटपट्टी काढायला धावल्या. "हात लावू नका, पुढे पालकसभा आहे," मागून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला. घुमीने बूट पायात घातला आणि ती रांगेत जाऊन बसली. तिच्या प्रगतिपत्रकात 'शांत, शिस्तप्रिय' असा शेरा पडला.

ताई दुसऱ्या शाळेत गेल्या. घुमीची आईही गेली. त्यानंतर घुमी एकदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली, पण तिने टकटक केली नाही.

मित्रांनो, मुलांच्या हाती एखादा खोका लागला, तर तो रिकामाच राहू द्या. मी आता फार सुंदर दिसतो, आणि माझा कोणालाही उपयोग नाही.