बत्तीस जोड्या

“मामा, स्क्रीनवर ते लाल पान अजून तसंच आहे,” फोनवर वैशाली म्हणाली. “स्टुडिओवाला सातला शटर पाडतो. मी काय करू, तेवढं सांगा बस.”

सव्वापाच वाजले होते. उद्या उज्जैनला सदाशिवरावांच्या थोरल्या बहिणीचं, लीलाताईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. वैशालीला आईचे जुने फोटो मोठे करून मांडवात लावायचे होते. घराण्यातले सगळे अल्बम सदाशिवरावांनी दोन वर्षं खपून स्कॅन केले होते. ते त्यांच्या नेहरू नगरच्या घरात, टीव्हीखाली ठेवलेल्या पेटीएवढ्या छोट्या सर्व्हरवर होते. नातेवाइकांनी आपापल्या गावाहून उघडून बघायचे. चारशे फोटोंतून निवड वैशालीलाच करायची होती.

ही पेटी सदाशिवरावांचीच, मधे दुसरं कुणी नाही, अशी हमी देणारं सर्टिफिकेट बाहेरची एक संस्था तीन महिन्यांपुरतं देई. या खेपेला मोतीबिंदूच्या ऑपरेशनात मुदतीची तारीख निसटली, आणि फोटो उघडू जाणाऱ्याला ‘ही जागा सुरक्षित नाही’ असं लाल पान दिसू लागलं; खाली ‘तरीही पुढे जा’ असं बटण. सकाळपासून त्यांनी नव्या सर्टिफिकेटसाठी पाच अर्ज केले, पाचही फेटाळले गेले. आता उत्तर आलं होतं : मर्यादा संपली, उद्या प्रयत्न करा.

“उद्याच होईल म्हणतायत,” ते म्हणाले.

“तेव्हापण उद्याच म्हणाला होतात.”

तिचा आवाज चढला नव्हता. तेव्हा म्हणजे चौऱ्याण्णव साली. सदाशिवराव राजपत्रित अधिकारी होते, राहायला चार इमलीच्या सरकारी बंगल्यात. रविवारी संध्याकाळी वैशाली मेडिकलचा फॉर्म घेऊन आली. गुणपत्रिकेच्या प्रतीवर सही-शिक्का हवा होता, पण मूळ गुणपत्रिका उज्जैनला राहिली होती. “मूळ पाहिल्याशिवाय सही नाही. उद्या घेऊन ये,” ते म्हणाले. सोमवारी ती परतली तेव्हा फॉर्म घेण्याची खिडकी बंद झाली होती. आता ती शाळेत विज्ञान शिकवत होती. त्यानंतर मामाकडे तिनं पहिल्यांदा काही मागितलं, ते आज.

“अहो, भाची आहे ती, चोर नाही!” स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी निर्मलाबाई म्हणाल्या. “दाब पुढं म्हणावं, की झालं!”

सर्व्हर स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट लिहून देऊ शकत होता. आपल्याच कागदावर आपलाच शिक्का. सदाशिवरावांनी चष्मा पुसला आणि तसं सर्टिफिकेट बनवण्याचं बटण दाबलं.

“वैशू, हे मीच मला दिलंय, म्हणून लाल पान येणारच. त्यावर सर्टिफिकेट उघड. खाली फिंगरप्रिंट असेल, म्हणजे त्याची ओळखखूण, अक्षर-आकड्यांच्या बत्तीस जोड्या. माझ्याकडचं मूळ मी वाचतो, तू तुझ्याकडचं जुळव; सगळं जुळलं तर मधे दुसरं कुणी नाही.”

“वाचा.”

“सात एफ.”

“हं.”

“तीन सी.”

“हं.”

जुळेल ती जोडी ते कागदावर उतरवत होते. बाराव्या जोडीला त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येत होतं.

“पुरे. मीच आहे. दाब तू.”



“नाही मामा. सगळं वाचा.”

त्यांनी वाचलं. विसाव्या जोडीला “बी आठ” म्हणाले.

“चूक. माझ्याकडे आठ आठ आहे.”

ते पडद्याला नाक लागेल इतके वाकले. “आठ आठच. माझी नजर गं.”

“बघा! आणि म्हणे दाब,” वैशाली म्हणाली, आणि हसली.

“शून्य चार. संपलं.”

“जुळलं.”

फोन दोघांनीही ठेवला नाही. तिकडे फोटो उघडत असावेत.

“आई लग्नात किती बारीक होती हो,” वैशाली म्हणाली. मग एकेक फोटो निवडून ती उतरवून घेऊ लागली. “चला, मी पळते स्टुडिओत. उद्या या लवकर. मामीला घेऊन.”

सदाशिवरावांनी कागद पुढे ओढला. बत्तीस जोड्यांखाली सवयीनं ‘मूळ पाहिले’ लिहिलं, तारीख घातली. सही केली नाही; ती वैशालीनं करायची होती. कागदाची घडी करून त्यांनी ती उज्जैनच्या पिशवीत, लीलाताईंच्या साडीवर ठेवली. शेजारी पेन ठेवलं.