बिनदोऱ्याची शिवण

तिने सुईतला दोरा ओढून काढला, बॉबिनही काढून ठेवली आणि जुन्या चादरीचा तुकडा सुईखाली सरकवून पायडल मारायला सुरुवात केली. पाय हलायला लागले तशी पोटऱ्यांच्या आतली वळवळ कमी झाली. सातवा महिना होता. दिवसभर ठीक असायचं, पण संध्याकाळी जरा टेकलं की हाडांत मुंग्या शिरायच्या आणि पाय हलवल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

पुढच्या खोलीत नवरा कापड बेतत होता. मशीनचा आवाज आहे म्हणजे बायको शिवतेय, एवढंच त्याला वाटायला हवं होतं.

खरं कळलं तर काय होईल, याच भीतीने तिला पोखरलं होतं. तिला वाढवलं ते आत्याने. "तू पोटात असताना तुझी आई दोरा न ओवता मशीन चालवायची, तासन्‌तास," आत्या सांगायची. "डोकंच फिरलं होतं बिचारीचं." बाळंत झाल्यावर आठ दिवसांत वडिलांनी आईला मामाकडे पोचवलं आणि मूल ठेवून घेतलं. लग्न ठरताना सासरी सांगितलं ते एवढंच, की आई आजारी असते.

कात्री थांबली. नवरा दारात आला, त्याने चादर उजेडाकडे धरली. भोकांच्या रांगाच रांगा, टाका एकही नाही.

"दोरा नाही की गं."

"संपला."

शेजारी चार भरलेली रिळं होती. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, चादरीची घडी घातली आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याने तीच घडी सिस्टरच्या टेबलावर उलगडली. म्हणजे हा पुरावा घेऊन आला होता.

"सिस्टर, हिला काहीतरी होतंय. मला सांगत नाही."

सिस्टरने चादर पाहिली, मग टेबलाखाली हलणारे तिचे पाय.

"बसलं की वळवळतात? चाललं की बरं वाटतं?"

तिने मान हलवली. सिस्टरने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"पायांना भिंगरी लागलीय म्हणा की. घाबरू नका, पोटुशी बायकांना होतं असं. रक्त तपासू, लोह कमी असेल तर गोळ्या देऊ. बाळंत झालात की बहुतेक वेळा आपोआप थांबतं." त्यांनी पेन उघडलं. "घरात आणखी कुणाला होतं?"

नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "आईला."

"मग? नंतर थांबलं त्यांचं?"

मामाच्या पत्रात दर वर्षी आईबद्दल एकच ओळ असायची, 'शांत असते आता.' ती वाचून आत्या उसासा टाकायची, आणि आत्याचं बघून तीही.

"शांत असते आता," ती म्हणाली.

सिस्टर लिहीत राहिल्या. नवरा चादरीची घडी घालू लागला.

"अहो," ती म्हणाली, "मामाच्या गावाला गाडी किती वाजता असते?"