फक्कीचं घर

"अहो साहेब, भिताडातून काहून घुसता? दार इकडं हाय!"

शालिग्राम ओरडले, तसे इंद्रभान उचललेला पाय तसाच ठेवून थबकले. समोर भिंत नव्हतीच. रिसोडच्या रस्त्याला लागून एक मोकळा प्लॉट होता, आणि त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा. ओसरी, बैठक, स्वयंपाकघर, देवघर, मागे दोन खोल्या. रेघेत जिथे फट सोडली होती तिथे दार.

शालिग्राम वाशीमच्या हायस्कुलात चपराशी होते. दर हिवाळ्यात खेळांच्या सामन्यांसाठी मैदानावर रेघा मारायचं काम त्यांचंच. बुडाला भोकं पाडलेला डबा हलवत ते चालू लागले की मागे कबड्डीचं अंगण उमटत जाई. त्याच डब्यानं त्यांनी आपल्या प्लॉटवर घर मारलं होतं. प्लॉट गहाण ठेवून घर बांधायला कर्ज मिळावं म्हणून त्यांनी सहकारी बँकेत अर्ज दिला होता, आणि आज बँकेचे तपासनीस इंद्रभान जागा पाहायला आले होते.

त्यांची मुलगी मनकर्णा पाण्याचा तांब्या घेऊन निंबाखाली उभी होती. मुलींच्या शाळेत ती मास्तरीण. वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचून वाचून तिला एक सवय लागली होती. समोर काही घडायच्या आधीच ते गोष्टीत कसं लिहिलं असतं ते ती मनात वाचून घेई. आता हे साहेब हसतील, तिनं मनात वाचलं. बाबांचा चेहरा पडेल.

इंद्रभान हसले नाहीत. ते मागे फिरले, वळसा घालून दाराशी आले, आणि कुणी सांगितलं नसताना पायातले जोडे काढून त्यांनी रेघेबाहेर ठेवले.

शालिग्राम एकदम हरखले. "या जी, या! हे सैपाकघर. धूर असा मांगच्या आंगानं निंघून जाते. हे देवघर."

"तुमच्या देवघरात माह्या बकऱ्या रोज लेंड्या टाकतेत, भाऊ," रस्त्यावरून सोजरबाई ओरडली. ती शेजारची, तिच्या बकऱ्या निंबाखाली बसत. "देवाले सांगजा, मी काई जानून करत नाही म्हना!"

"आंधी कडी वाजवत जाय, सोजरबाई! परक्याचं घर हाय!"

सगळेच हसले. इंद्रभान मागच्या रेघांपाशी थांबले. "अन् ह्या दोन?"

"एक माही. एक मनूची. आता कोनती तिची, ते तिनं अजून सांगतलंच नाही. एक रस्त्याकडची हाय, एक निंबाकडची. सांग व मनू, साहेबांसमोर तरी सांग!"

"बाबा, आंधी कर्ज तं भेटू द्या," मनकर्णा म्हणाली.

हेच उत्तर ती महिनाभर देत होती. खोलीचं नाव घेतलं की ती हवीशी वाटेल आणि मग मिळाली नाही तर, एवढंच तिचं भय. ते तिनं बाबांना कधी सांगितलं नाही.

इंद्रभान ओसरीच्या जागी एका दगडावर टेकले. पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"शालिग्रामजी, एक गोष्ट इचारनं भाग हाय. शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं होतं तुमी. हप्ते थकले. नोटीस गेली होती."

"गेली होती जी."

"कमिटीत कोनी ना कोनी ते काढीनच. त्याच्यावरच अडन तं अडन."

मनकर्णानं बाबांकडे पाहिलं. काहीतरी सांगा, पोस्टाचा घोटाळा झाला म्हणा, काहीही म्हणा, असं तिला वाटून गेलं.

"मनूची माय अंथरुनाले खिळली होती," शालिग्राम म्हणाले. "दवा आनली, मंग हप्ता राह्यला. तिची माय गेल्यावर सारे भरले, व्याजासगट. मशीनही हाय घरात. पन थकले ते थकलेच नं जी. मी नाही कसा म्हनू?"

इंद्रभान उठले. "मी माह्याकडून चांगलं लिहितो. बाकी कमिटीच्या हाती." दाराशी येऊन त्यांनी जोडे घातले आणि सायकलवर टांग टाकली.

"जोडे काढले त्यानं, पाह्यलं?" ते दिसेनासे झाल्यावर शालिग्राम म्हणाले. "म्हंजे त्याले घर दिसलं."

सूर्य तुरीच्या शेतांवर टेकला होता. फुलोऱ्याचा पिवळा रंग आणि उन्हाचा पिवळा रंग एकमेकांत मिसळून गेले होते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या, आणि त्यांच्यातून उडालेलं बोंडाचं पांढरं हवेत तरंगत बैठकीत येऊन बसत होतं. त्या उजेडात रेघा जमिनीपासून जराशा वर उचलल्यासारख्या दिसू लागल्या. मनकर्णाला क्षणभर खरोखरच वाटलं, मागे भिंत आहे आणि ती दिवसभराच्या उन्हानं कोमट झाली आहे.

"दिवा इथं लावू," शालिग्राम म्हणाले. "म्हंजे रस्त्यावरून दिसन. सांग न व मनू, कोनती?"

"पाहू नं, बाबा."

ते हसले. दारातून बाहेर आले, आणि मागे वळून त्यांनी हवेतच कडी लावली. रोजच लावत.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा वाजली नाही.

सामने दोन दिवसांवर आले होते, म्हणून शालिग्राम उजाडताच मैदानावर गेले होते. धावपट्टीची रेघ सरळ, एकसारखी निघालेली होती आणि वळणावर येऊन थांबली होती. तिथे डबा कलंडलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मनकर्णा पोचली तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला अजून फक्की लागलेली होती. ती पुसायला कुणीतरी ओलं फडकं आणलं. तिनं पुसू दिली नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घरात शिलाई मशीन आणि ती, दोघीच उरल्या. एका संध्याकाळी शाळेतून परस्पर ती प्लॉटवर गेली. दंवानं आणि बकऱ्यांच्या खुरांनी स्वयंपाकघर पार गेलं होतं. देवघराचा एक कोपरा राहिला होता. मागच्या खोल्या पुसट दिसत होत्या. दाराच्या दोन्ही बाजूंच्या रेघा मात्र टिकल्या होत्या. तिथून कुणी चाललंच नव्हतं.

"बाई."

रस्त्यावर इंद्रभान सायकल धरून उभे होते. "घरी गेलो होतो. वाटेत सोजरबाईनं सांगतलं, तुमी इकडं आल्या."

"या जी."

ते आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "कमिटीत हप्त्यांचं निंघालंच. मी म्हनलं, इचारल्यावर जो लपवत नाही तो बुडवत नाही. अर्धे लोक मानत होते. तेवढ्यात कोनीतरी सांगतलं का अर्जदारच वारला. मंग काय, पुढचा इषय घेतला." त्यांनी घसा खाकरला. "आता अर्ज वापस घ्या, नाहीतं तुमच्या नावानं नवा द्या. तुमचा पगार हाय, देता येते. पन थकबाकीचं पुन्हा काढतीन. तुमी त्याच घरच्या."

"काढू द्या," मनकर्णा म्हणाली. "मीबी नाही म्हननार नाही."

इंद्रभानांनी मान डोलावली. "मंग सोमवारी या," ते म्हणाले, आणि सायकल थोडी दूर हातानंच ढकलत नेऊन मग तिच्यावर बसले.

ती एकटीच राहिली. दाराशी जाऊन तिनं चपला काढल्या, रेघेबाहेर नीट जोडून ठेवल्या. हवेतली कडी काढली. बैठकीतून, देवघराला वळसा घालून ती मागे गेली. भिंतीतून कुठेही गेली नाही. रस्त्याकडच्या खोलीत येऊन उभी राहिली. इथून हायस्कूलकडून येणारी वाट सरळ दिसत होती, कापसाच्या गाडीची धूळ तिच्यावर अजून तरंगत होती.

रस्त्यावरून जाणारं कुणी ऐकेल, याचा तिनं विचार केला नाही.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मले रस्त्याकडची पाह्यजे. शाळेतून येतानी तुमी दिसान मले."