पहिल्या आंघोळीलाच विझणारा गिझर

मी गॅसचा गिझर बोलतोय. लातुरात, साखराबाईंच्या घरामागच्या ओसरीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून टांगलेला. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कुणावर ठेवत नाही.

आमची जातच संशयी. पाण्यानं आतून धक्का दिल्याशिवाय आम्ही गॅस सोडत नाही. ज्योत दिसली नाही की लगेच गॅस तोडतो. कारखान्यात आम्हाला असंच घडवतात.

साखराबाई मला मोरीत लावणार होत्या. पण लावायला आलेले पाशामियाँ म्हणाले, "मोरीत दार लावून गॅस जाळला की माणूस आंघोळीतच कायमचं झोपतंय, बाई. उघड्यावर टांगतो." तेव्हापासून मला ओसरी आणि मोरीचं दार तेवढं दिसतं. बाकी घरात काय चालतं ते मी आवाजावरून ताडतो.

साखराबाई एकट्या. क्लासला आलेल्या पोरींना भाड्यानं खोली देतात. यंदा दोघी आहेत, शिरूर अनंतपाळची तनुजा आणि देगलूरची सुमय्या. दोघींना डॉक्टर व्हायचंय. क्लास सकाळी सहाला. पाच वाजता सुमय्याची आंघोळ, मग तनुजाची. क्लासच्या टेस्टमध्ये नंबर मात्र उलटा. तनुजा पहिली, सुमय्या दुसरी.

दिवाळीपर्यंत मी नीट चाललो. थंडी पडली आणि मी विझायला लागलो. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. आणि दर वेळी सुमय्याच्या डोक्याला साबण असतानाच. मागून तनुजाला मात्र कडक पाणी.

"हे कसं काय गं?" सुमय्या दात वाजवत विचारायची. "मी आत गेले की तू ओसरीत. मी गारठले की तू नंबर एक."

"मी इथं बसून केमिस्ट्री वाचते."

"गिझरखाली?"

"लाईट हितंच हाय ना."

खोटं कशाला सांगू, मलाही तिचाच संशय होता. गिझरखाली बसून एवढं कोण वाचतं?

पाशामियाँ तीनदा येऊन गेले. सेल बदलले. पाण्याचा जोर बघितला. रेग्युलेटर नवा टाकला. पण ते यायचे दुपारी, उन्हात, आणि मी ठिणगीच्या पहिल्या चिकचिकीलाच पेटायचो. "डॉक्टरसमोर खोकतच नाही हा पेशंट," ते म्हणाले.

जानेवारीत साखराबाईंनी निकाल लावला. "तनुजा, रविवारी तुझ्या अप्पाला बोलीव. खोली सोड."

परीक्षेला चार महिने राहिले होते. भर वर्षात लातुरात पोरीला खोली मिळत नाही. खोली गेली तर क्लास गेला, मग सरळ गाव. तनुजा रडली नाही. दुपारी तिनं पाशामियाँचं दुकान गाठलं, एवढंच मला नंतर कळलं.

शनिवारी पहाटे पाशामियाँ मफलर गुंडाळून हजर. तनुजाला त्यांनी समोर खुर्चीवर बसवलं. "हात मांडीवर. आता हलू नको, बेटा." सुमय्या आत गेली. नळ सुटला. चिक, चिक, चिक, चिक... थंडीत गॅस मंद, त्यात माझ्या बर्नरला कचरा. पेट घ्यायला उशीर झाला आणि साठलेला गॅस एकदम पेटला. भप्प! भिंत हादरली. आत ग्लास पडले. मिनिटभरात मी विझलो.

तनुजाचे हात मांडीवरच होते.

पाशामियाँ आत गेले, आणि तिथं काय दिसलं ते त्यांनी नंतर ओसरीत सांगितलं. सिलिंडरचा कॉक बंद. पुढचं दार उघडं. साखराबाई अंगणात गोधडी पांघरून बसलेल्या.

"बाई, गॅस कोणी बंद केला?"

"म्या. हादरा बसला न्हाई का आता?"

त्र्याण्णवच्या भूकंपात साखराबाईंचं गाव पडलं होतं. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात, दारापाशी झोपायच्या, आणि हादरा कळावा म्हणून फळीवर ग्लासावर ग्लास रचायच्या. ग्लास पडले की गॅस बंद, अंगणात दहा मिनिटं, मग परत येऊन गॅस चालू. फळी माझ्याच भिंतीला होती.

"रोज बंद करता?"

"रोज कशाला? हादरा बसला तरच. त्यात गिझरचा काय संबंध?"

पाशामियाँनी त्यांना ओसरीत आणलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा तुमचा भूकंप. मीच टांगलाय."

तनुजानं विचारलं, "काकू, हादरा वाटला तर आम्हाला का न्हाई उठिवलं?"

"आधीच्या पोरी हसल्या होत्या."

पाशामियाँनी बर्नर साफ केला. साखराबाईंनी माफी मागितली नाही. म्हणाल्या, "उद्या तुझे अप्पा आले तर जेवूनच जाऊ दे." तनुजा राहिली.

आज पहाटेची गोष्ट. सुमय्या अजून उठायची होती. तनुजा पुस्तक घेऊन ओसरीत आली, आणि आत ग्लास पडले.

"झोपा गं," आतून साखराबाई म्हणाल्या, "गिझर हाय."

तनुजानं माझ्या काचेत बघितलं. ज्योत नाही. अंगाला हात लावला. मी गार. तिनं पुस्तक टाकलं आणि आत पळाली. "काकू, गिझर बंद हाय. उठा. सुमय्या, ऊठ!"

तिघी अंगणात गेल्या. तेवढ्यात पुन्हा हादरा बसला, माझे खिळे किरकिरले.

"काकू, गॅस बंद केला का?" सुमय्याचा आवाज.

"इसरले गं."

"मी जाते," तनुजा म्हणाली.

"तू न्हाई जायचं आत. हितं बस." बांगड्या वाजल्या. हात धरला असावा. "म्या सोडत न्हाई तुला."

मी आत एकटाच. गॅस चालू, पाणी बंद, म्हणून मी गप्प. आता कुणी हादऱ्याचा आळ माझ्यावर घेतला तर तनुजाला विचारा. बायांनो, आत सावकाश या. भिंत अजून उभी आहे.